न बोलावलेला पाहुणा : परड्यातला मोर आणि आपला धर्म

॥ श्रीगुरुभ्यो नमः ॥



गेल्या काही आठवड्यांत आपल्या ग्रुपवर एकाच विषयाचे बरेच निरोप आले. एका ताईंनी लिहिलं, "नुकती उगवलेली मेथी मोरांनी तीन दिवसांत साफ केली. हाकलावं तर पाप वाटतं, न हाकलावं तर भाजी जाते. काय करावं?" एका काकांनी पेरूच्या झाडाखाली पडलेल्या अर्धवट कुरतडलेल्या फळांचा फोटो टाकला आणि खाली एकच शब्द लिहिला : "पोपट." त्यांना कोणीतरी लगेच उत्तर दिलं, "देवाचंच होतं, देवानं खाल्लं." त्यावर काकांनी पुढे काही लिहिलं नाही. पण ते गप्प बसले म्हणजे त्यांना पटलं, असं आम्हाला वाटत नाही. प्रश्न खरा आहे, आणि "देवाचंच आहे" एवढ्या एका वाक्यात तो संपत नाही. म्हणून या वेळच्या पत्रात हाच विषय घेतला आहे.

*मोर आपल्या दारात*

आपल्या हुबळी-धारवाडला मोर नवीन नाही. कर्नाटक विद्यापीठाच्या आवारात किंवा कृषी विद्यापीठाच्या शेतांकडे पहाटे फिरायला जाणाऱ्यांना त्याची केका सवयीची आहे. दोन्ही शहरांच्या मधलं नवलूर पेरूसाठी प्रसिद्ध. कन्नड येणाऱ्याला ते नाव ऐकताना 'नविलु', म्हणजे मोर, आठवल्याशिवाय राहत नाही. हावेरी जिल्ह्यात बंकापूरच्या जुन्या किल्ल्यात तर २००६ सालापासून मोरांसाठी राखीव क्षेत्रच आहे. पूर्वी मोर बघायला आपण जायचो. आता मोर आपल्याकडे येतो. कंपाउंडच्या भिंतीवर बसतो, पाण्याच्या टाकीवर बसतो, मग सावकाश खाली उतरून वाफ्यात शिरतो.

ही नुसती आपली समजूत नाही. देशभरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२३ साली पक्ष्यांच्या स्थितीचा एक मोठा अहवाल निघाला. त्यात मोरांची संख्या गेल्या काही दशकांत झपाट्याने वाढल्याचं दिसलं. मोराला घनदाट जंगल लागतच नाही. थोडी झुडपं, रात्री बसायला एखादं उंच झाड, जवळ पाणी आणि टिपायला दाणे, एवढं मिळालं की त्याचं भागतं. हे सगळं आज आपल्या वसाहतींच्या कडेला आहे. त्यातून तो काय खात नाही? शेंगा, मिरची, टोमॅटो, कोवळे कोंब, फुलांच्या कळ्या, किडे, सरडे, लहान साप. वाफा नुकताच भुसभुशीत केला असेल तर लांडोर त्यात बसून धुळीची आंघोळ करते. खाल्लं कमी आणि उकरलं जास्त, ही तक्रार बहुतेकांची असते.

पोपटांचं तसंच. एक पेरू पूर्ण खाऊन मग दुसऱ्याकडे जावं, असं ते करत नाहीत. चार चोची मारायच्या, टाकून द्यायचा, पुढचा धरायचा. बुलबुल पपई पिकायची वाट आपल्यापेक्षा नेटानं बघतो. सगळे दिसायला देखणे, आणि सगळे उपद्रवी.

*याला चोरी म्हणायचं का?*

पहिला विचार शब्दाचा. आपण सहज म्हणून जातो, "मोरांनी चोरली, पोपटांनी लुटली." पण चोरी व्हायला आधी 'हे दुसऱ्याचं आहे' हे ठाऊक असावं लागतं. सातबारा माणसाचा. कंपाउंड माणसाचं. मोराच्या लेखी भिंत म्हणजे बसायची जागा, आणि मेथी म्हणजे मेथी. त्याच्याकडे भूक आहे, मालकीची कल्पना नाही. मग त्याच्यावर रागावणं म्हणजे पावसावर रागावण्यासारखं झालं. पावसानं वाळवण भिजलं तर आपण वैतागतो, पण पाऊस लबाड आहे असं म्हणत नाही.

तरी राग येतोच. तो कशाचा असतो, हे एकदा तपासून बघण्यासारखं आहे. मेथीची जुडी बाजारात थोड्या पैशांत मिळते. तेवढ्या पैशांसाठी कोणी दिवसभर जळफळत नाही. खुपतं ते दुसरंच : मी माती आणली, मी बी टाकलं, मी रोज पाणी घातलं, आणि माझं नेलं. चोच मेथीला लागते आणि दुखतं 'माझं' या शब्दाला.

अवधूतानं जे चोवीस गुरू केले, त्यांत एक पक्षीही होता, कुरर. भागवताच्या एकादश स्कंधात त्याची गोष्ट आहे. त्याच स्कंधावर नाथमहाराजांनी टीका लिहिली आणि १५७३ साली काशीत ती पूर्ण केली. कुररानं चोचीत मांसाचा तुकडा धरला होता. ज्यांच्याकडे काही नव्हतं असे बळकट पक्षी त्याच्या मागे लागले, त्याला टोचू लागले. त्यानं तुकडा सोडून दिला, आणि पाठलाग तिथेच थांबला. हौसेनं परसबाग करणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट नेमकी लागू पडते. जे गेल्यानं आपलं जेवण अडत नाही, ते सोडून देता येतं. सोडलं की मोर बघायलासुद्धा बरा वाटतो.

*सुंदर आहे म्हणून माफ?*

इथे एक अडचण आहे, आणि ती आपण सहसा बोलत नाही. हीच मेथी घुशीनं खाल्ली असती तर? टोमॅटो उंदरानं कुरतडले असते तर? ग्रुपवर "पाप वाटतं" असं कोणी लिहिलं नसतं. कुठलं औषध चांगलं, एवढीच चर्चा झाली असती. चिकूवर रात्री येणाऱ्या वटवाघळासाठी कोणाचा जीव कळवळलेला आम्ही पाहिलेला नाही.

मोर मात्र कार्तिकेयाचं वाहन, त्याचं पीस श्रीकृष्णाच्या मुकुटात. देवघरात आपण मोरपीस ठेवतो. तेव्हा मोराला मारायला हात धजत नाही, हे चांगलंच. पण आपली दया जर पिसाऱ्याच्या रंगावर ठरत असेल, तर तिला दया म्हणायचं की आवड? देखण्याला माफी आणि कुरूपाला विष, हा न्याय नव्हे. माणसांच्या बाबतीत असा न्याय कोणी केला तर आपण त्याला नावं ठेवू.

याचा अर्थ मोरावरची दया कमी करा असा नाही. मोराच्या निमित्तानं जी दया जागी झाली, ती तिथेच थांबू देऊ नका, एवढंच म्हणणं आहे. सौंदर्य हे दयेचं दार आहे. दारातून आत जायचं असतं, दारातच बसून राहायचं नसतं. आपण प्रत्येक सत्संगाच्या शेवटी पसायदान म्हणतो. त्यात सगळ्या प्राणिमात्रांत एकमेकांविषयी मैत्री जडावी असं मागणं आहे. फक्त देखण्यांशी मैत्री असं ज्ञानोबारायांनी मागितलेलं नाही.

*शेत कोणाचं होतं?*

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. संतांच्या दोन कथा आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहेत.

पहिली नाथांची. काशीहून रामेश्वराला नेण्यासाठी आणलेलं गंगाजल त्यांनी वाळवंटात तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात घातलं. पाणी कोणाचं होतं? नाथांचंच. कष्ट त्यांचे, कावड त्यांची, संकल्प त्यांचा. त्यांनी आपलं दिलं.

दुसरी तुकोबांची. एका शेतकऱ्यानं त्यांना आपल्या शेताची राखण करायला ठेवलं, मोबदलाही ठरवला. तुकोबा माळ्यावर बसले आणि नामात रंगून गेले. पाखरं आली, कणसांवर बसली. भुकेल्या जिवांना हाकलायचं कसं, म्हणून त्यांनी हाकललं नाही. मालक येऊन बघतो तर पाखरांनी रान खाल्लेलं. तो चिडला, प्रकरण गावच्या पंचांपुढे गेलं, भरपाईची गोष्ट निघाली. पुढे मळणी झाली तेव्हा धान्य नेहमीपेक्षा कितीतरी जास्त भरलं, अशी कथा आहे.

ही कथा सांगताना आपण शेवटच्या चमत्काराशी येऊन हात जोडतो. पण मधला भाग नीट ऐकायला हवा. शेत तुकोबांचं नव्हतं. मालकाचा राग खोटा नव्हता. त्याच्या घरी खाणारी तोंडं होती. आणि कथेनं ते लपवलेलंही नाही. पंच बसले, भरपाईचं बोलणं झालं, असं कथा स्वतःच सांगते. म्हणजे 'पाखरांवर दया केली' एवढ्यावर गोष्ट संपत नाही. ज्याचं गेलं त्याचं काय, हा प्रश्न कथेतच उभा आहे. तिथे तो पांडुरंगानं सोडवला.

आपल्याकडे चमत्कार नाही. म्हणून दुसऱ्याच्या शेतावर आपण दया करत असू, तर भरपाई आपल्या खिशातून द्यावी लागेल.

*उपदेश कोणाला करतो आपण?*

सकाळी धारवाडच्या सुपर मार्केटात किंवा आपल्या गल्लीत बुट्टी घेऊन येणारी भाजीवाली अक्का बघा. तिचं अर्ध्या एकराचं रान असतं. त्यात मिरची, कोथिंबीर, बांधाला दोन-चार पेरूची झाडं. तिच्या रोपांवर मोरांचा थवा उतरला तर त्या महिन्याचं गणित कोलमडतं. तिला "देवानं खाल्लं" असं सांगायला आपण कोण? कुररानं तुकडा सोडला तो स्वतःचा. दुसऱ्यानं त्याचा तुकडा सोडावा असं सांगणं हे वैराग्य नव्हे.

२०१६ साली गोव्याच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांनी पिकांचं नुकसान होतं म्हणून मोराला उपद्रवी प्राण्यांत धरण्याचा विचार बोलून दाखवला होता. त्यावर मोठा गदारोळ झाला. राष्ट्रीय पक्ष्याला उपद्रवी म्हणता? विरोध योग्यच होता. मोर मारायची वाट एकदा उघडली की ती कुठे थांबेल सांगता येत नाही. पण संतापणाऱ्यांपैकी किती जणांच्या पोटाचा आधार शेतावर होता, हाही प्रश्न मनात येतो. मोर वाचावा ही इच्छा सगळ्या देशाची, आणि त्याला खाऊ घालण्याचा खर्च मात्र रानाच्या कडेला राहणाऱ्या गरिबाचा. हा व्यवहार धर्माचा नाही.

कायदा इथे स्पष्ट आहे, तो सर्वांना माहीत असावा. मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात त्याचं नाव आहे. त्याला मारलं तर तीन ते सात वर्षांची कैद आणि कमीत कमी २५,००० रुपये दंड आहे. आपल्याकडचे पोपट पकडणं, पिंजऱ्यात पाळणं हाही गुन्हाच. तेव्हा विष, गलोल, फास यांचा विचारसुद्धा नको. पण कायदा फक्त काय करू नये ते सांगतो. काय करावं, हे आपल्यालाच ठरवायचं आहे.

*दाणे टाकणं हे दान आहे का?*

आपल्या कित्येक घरांत रोज सकाळी गच्चीवर किंवा गेटपुढे ज्वारी-तांदूळ टाकतात. भावना चांगली, त्याबद्दल शंका नाही. मोर येतात, मुलं फोटो काढतात, दिवस छान सुरू होतो. पण नंतर ते मोर कुठे जातात? टाकलेल्या मूठभर दाण्यांनी त्यांचं पोट भरत नाही. ते त्याच भागात रेंगाळतात आणि मग शेजारच्या परड्यात, पलीकडच्या शेंगांच्या रानात उतरतात. शेतकरी पेरणीआधी बियाण्याला औषध चोळतो. असे दाणे टिपून मोर मरतात. दाणे टाकायला लागल्यामुळे माणसाची भीती गेलेला मोर कुत्र्यांच्या तावडीत सापडतो.

म्हणजे दर्शन आपल्याला, पुण्य आपल्याला, आणि नुकसान शेजाऱ्याला. अशा दानाचा हिशेब कोणाच्या खात्यात लिहायचा? दान तेच, ज्याची किंमत देणारा स्वतः मोजतो.

काही जण विचारतील, मग भूतयज्ञाचं काय? पंचमहायज्ञांत इतर जिवांना घास द्यायला सांगितलंच आहे ना? सांगितलं आहे, आणि तो द्यायचाच आहे. पण तो घास आपल्या ताटातला असतो, जेवणाआधी बाजूला काढलेला. पोतं विकत आणून रानातल्या पाखराला आपल्या दारची सवय लावणं, ही त्यापेक्षा वेगळी गोष्ट आहे.

*वाटा आधी काढा*

पूर्वी खळ्यावर रास पडली की बलुतेदारांचा वाटा आधी निघायचा. उरलेलं घरी जायचं. ती भीक नव्हती आणि चोरीही नव्हती, तो वाटा होता. आम्हाला वाटतं, परड्यातल्या पाखरांशी हेच नातं असावं. पेरूच्या शेंड्याची फळं त्यांची. पपईच्या झाडावरची एक पपई त्यांची. एक वाफा राखण न करता सोडायचा. हे आधीच मनाशी ठरवून टाकायचं.

एकदा वाटा काढला की उरलेल्याचं रक्षण करायला मन मोकळं होतं. "हाकलावं तर पाप वाटतं" असं लिहिणाऱ्या ताईंना आमचं सांगणं हेच की ताई, हाकलण्यात पाप नाही. हुसकावणं म्हणजे हिंसा नव्हे. जखमी करणं, उपाशी मारणं, विष घालणं ही हिंसा. आई मुलाच्या हातातली कात्री काढून घेते तेव्हा ती मुलाची वैरीण नसते.

ग्रुपवरच्या अनुभवी मंडळींनी सांगितलेल्या आणि खरोखर उपयोगी पडणाऱ्या काही गोष्टी इथे देतो :

१. बी टाकल्यावर वाफ्यावर बाभळीच्या काट्या किंवा सुकी झुडपं पसरा. रोपं वीतभर झाली की काढा. कोंब कोवळे असतात तेव्हाच मोराचं नुकसान सगळ्यात जास्त असतं.

२. वाफ्याभोवती जुन्या साड्या बांधा. आपल्या भागातले शेतकरी हे पूर्वीपासून करतात. पलीकडचं दिसलं नाही की मोर सहसा आत शिरत नाही.

३. पेरू, सीताफळ, डाळिंब या फळांना कागदी किंवा कापडी पिशव्या बांधा. शेंड्याची सोडून द्या, तो त्यांचा वाटा.

४. जाळी लावायची तर जाड दोऱ्याची, बारीक घरांची आणि ताणून बसवलेली लावा. बारीक नायलॉनची सैल जाळी कधीही नको. तिच्यात बुलबुल अडकतात, धामण अडकते आणि तडफडून मरते. लावलेली जाळी सकाळ-संध्याकाळ बघायची, ही जबाबदारी लावणाऱ्याची.

५. बुजगावण्याची जागा दर दोन-चार दिवसांनी बदला. एका जागी राहिलं तर मोर त्याच्या डोक्यावर येऊन बसतो.

६. रोज दाणे टाकण्याऐवजी उन्हाळ्यात पाण्याचं भांडं ठेवा. रोज धुवा, सावलीत ठेवा.

७. भाजीवाल्या अक्काकडचे चोच लागलेले पेरू, एक बाजू खराब झालेले टोमॅटो घासाघीस न करता, निम्म्या भावात न मागता घ्या. मोराच्या जेवणाचं बिल तिच्या एकटीवर का पडावं? त्यातला थोडा भाग आपण उचलला, तर 'देवानं खाल्लं' हे म्हणायचा थोडासा अधिकार आपल्याला मिळेल.

हा सातवा मुद्दा सगळ्यात लहान दिसतो, पण आम्हाला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

*जाता जाता*

ज्या २०२३ च्या अहवालात मोर वाढल्याचं सांगितलं आहे, त्यातच नीलकंठ कमी होत चालल्याची काळजीही आहे. नीलकंठ म्हणजे आपल्या कर्नाटकाचा राज्यपक्षी, चास. दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ मानतात. तो आपली मेथी खात नाही, पेरू फोडत नाही. शेतातले किडे खातो. त्याच्याविषयी ग्रुपवर एकही तक्रार आली नाही. आणि तो दिसेनासा होतो आहे, याविषयीही एक शब्द आला नाही.

जो आपलं काही खातो, त्याची निदान आपल्याला आठवण तरी राहते. जो काहीच मागत नाही, तो गेलेलाही कळत नाही. तेव्हा परड्यात मोर उतरला की राग येण्याआधी एवढं मनात आणू या, की आपल्या जमिनीत अजून कोणाला तरी खाण्यासारखं काही सापडतं आहे. मग जरूर टाळी वाजवू या, त्याला हुसकावू या, आणि त्याचा वाटा शेंड्यावर तसाच ठेवू या.

ज्यांच्या परड्यात नीलकंठ येत असेल त्यांनी ग्रुपवर जरूर कळवावं. तक्रार नसली तरी चालेल.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥ 🙏